थ्रॉटलच्या परतीच्या स्प्रिंगा: ताकद ठरवण्याआधी घर्षण मोजा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. साठच्या दशकातील गाडी आपण पूर्ण उघडून पुन्हा जोडली आहे, इंजिनावर एसयू या ब्रिटिश बनावटीचे दोन कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारे भाग) आहेत, आणि सुट्या भागांच्या डब्यात काही स्प्रिंगा उरल्या आहेत, ज्यांतील कोणती कुठे लागत होती याची नोंद कोणी ठेवलेली नाही. पेडलवरून पाय काढल्यावर इंजिन कधी मिनिटाला ८०० फेऱ्यांवर स्थिरावते, तर कधी १३०० वरच अडून राहते. आपण जाड तारेची स्प्रिंग लावून पाहिली. त्याने पेडल जड झाले, पण इंजिनाची ही लहर काही गेली नाही. म्हणून नेमक्या किती ताकदीची स्प्रिंग घ्यावी, असे आपण विचारले आहे.

याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही. लिंकेज, म्हणजे पेडलपासून थ्रॉटलपर्यंतची जोडणी, दांड्यांचे आहे की केबलचे, स्प्रिंग स्पिंडलपासून (थ्रॉटलची चकती ज्यावर फिरते त्या दांडीपासून) किती अंतरावर आणि कोणत्या कोनात ओढते, तिचे दुसरे टोक इंजिनावर अडकवले आहे की बॉडीवर, या सगळ्यांवर ते अवलंबून आहे. मात्र माझ्याकडे अशी तक्रार घेऊन आलेल्या बहुतेक गाड्यांत स्प्रिंग कमजोर नव्हती. लिंकेज कुठेतरी धरत होते. थ्रॉटल म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी चकतीची झडप. स्प्रिंगचे काम ती मोकळी झडप मिटवण्याचे आहे, अडलेला सांधा ओढून नेण्याचे नाही. जाड स्प्रिंगने दोष काही दिवस झाकला जातो खरा, पण तिचा सगळा ओढा स्पिंडलच्या एकाच बाजूवर पडत राहतो, त्या बाजूचे बुश (स्पिंडल ज्यात फिरते ती नळी) लंबगोल झिजते, तिथून हवा आत शिरू लागते, आणि मग आयडलिंग, म्हणजे पेडल सोडल्यावरचा संथ वेग, कशानेच जागेवर राहत नाही. म्हणून मी आधी सर्व स्प्रिंगा काढून लिंकेज मोकळे करतो, नंतर उरलेले घर्षण मोजतो, आणि मगच ते घर्षण पुरेशा फरकाने ओलांडणारी सर्वांत हलकी स्प्रिंग निवडतो.

आता डब्यातील स्प्रिंगांबद्दल, कारण त्यांतील निम्म्या बहुधा थ्रॉटलच्या नसतीलच. दोन्ही टोकांना हूक असलेल्या, वेटोळी एकमेकांना चिकटलेल्या लांबट स्प्रिंगा परतीच्या असण्याचा संभव सर्वांत जास्त. स्पिंडलवर किंवा चोकच्या लिव्हरवर बसणाऱ्या, दोन पाय बाहेर आलेल्या पिळाच्या स्प्रिंगा बहुतेक करून जेट (पेट्रोल सोडणारी बारीक नळी) परत वर नेण्यासाठी किंवा लिंकेजचा खडखडाट थांबवण्यासाठी असतात. अगदी छोट्या दाबाच्या स्प्रिंगा आयडलिंगच्या स्क्रूखाली बसतात, त्या स्क्रूला आपोआप फिरू देत नाहीत. आणि एखाद्या लांब, सैल वेटोळ्यांच्या स्प्रिंगच्या टोकाला रंग दिसला, तर ती एसयूच्या घुमटातील पिस्टनची स्प्रिंग आहे: निळी अडीच औंस, लाल साडेचार, पिवळी आठ आणि हिरवी बारा औंस, अशी त्या रंगांची भाषा आहे. ही स्प्रिंग हवा-पेट्रोलच्या मिश्रणाच्या हिशेबाचा भाग आहे, तिचा थ्रॉटल मिटण्याशी काही संबंध नाही. ताकदवान दिसते म्हणून ती थ्रॉटलला लावलेली मी पाहिली आहे. अशा वेळी एका कार्ब्युरेटरचा घुमट तपासला तर तो स्प्रिंगविना किंवा भलत्याच स्प्रिंगसह सापडतो.

मोकळे करण्याचे काम कार्ब्युरेटरपासून सुरू करून पेडलकडे यावे. केबल किंवा दांडी सोडवा, दोन्ही कार्ब्युरेटरना जोडणाऱ्या शाफ्टचे क्लॅम्प सैल करा, स्प्रिंगा काढा आणि प्रत्येक स्पिंडल फक्त दोन बोटांनी पूर्ण फिरवून पाहा. ते सर्वत्र सारख्याच हलकेपणाने फिरले पाहिजे. शेवटच्या काही अंशांत, म्हणजे झडप मिटता मिटता, ते जड होत असेल तर चकती नळीच्या मध्यावर बसलेली नाही. तिचे दोन स्क्रू किंचित सैल करून आयडलिंगचा स्क्रू मागे घ्यावा, चकती दोन-तीन वेळा हलकेच मिटू द्यावी म्हणजे ती स्वतःची जागा शोधते, आणि मग स्क्रू आवळावेत. या स्क्रूंची फाकवलेली टोके पुन्हा वापरू नयेत. नवे स्क्रू लावून त्यांची टोके नीट फाकवावीत, कारण सुटलेला स्क्रू थेट इंजिनात जातो. आणखी एक गोष्ट: मिटलेल्या झडपेने नळीच्या भिंतीवर टेकून थांबायचे नसते. थांबवण्याचे काम नेहमी स्टॉप स्क्रूचे. स्क्रू पूर्ण मागे असेल तर चकती पाचरीसारखी नळीत रुतते आणि पहिल्या हलक्या दाबाला थ्रॉटल उघडतच नाही, मग एकदम उसळून उघडतो.

नव्याने जोडलेल्या गाडीत घर्षणाचे एक खास कारण असते, ते म्हणजे रंग. लिव्हर, ब्रॅकेट आणि बेलक्रँक (ओढ्याची दिशा बदलणारे कोनी लिव्हर) चकचकीत व्हावेत म्हणून पावडर कोटिंग केले जाते, आणि त्याचा थर साधारण ६० ते १०० मायक्रॉन जाडीचा असतो. छिद्राच्या आत तो दोन्ही बाजूंनी बसतो, म्हणजे व्यासातून ०.१२ ते ०.२० मिलिमीटर जागा गेली. मूळ सांध्यातली मोकळीक जेमतेम एवढीच असते. भाग सुटा असताना पिन जोर लावून आत जाते आणि ‘छान घट्ट बसली’ असे वाटते. खरे तर तिने फिरणेच सोडलेले असते. अशी सर्व छिद्रे योग्य मापाच्या रीमरने (छिद्र मापात आणणाऱ्या हत्याराने) साफ करावीत आणि फिरणाऱ्या पृष्ठभागांवर रंग ठेवूच नये. झिंक प्लेटिंगचा थर फार पातळ असल्याने तिथे हा त्रास क्वचितच होतो. सांध्यांना पातळ इंजिन ऑइलचा थेंब पुरेसा आहे. घट्ट ग्रीस धूळ धरून ठेवते आणि काही महिन्यांत तिचाच घासण्याचा लेप होतो. केबलच्या आत प्लास्टिकचे अस्तर असेल तर ती सहसा कोरडीच चालवायची असते.

पेडलकडे पोहोचल्यावर फरशीही पाहून घ्यावी. नवा गालिचा आणि त्याखालचा आवाजरोधक थर मूळ थरापेक्षा जाड असतो आणि पेडलची मागची बाजू त्यावर टेकते. हे तपासायला अर्धे मिनिट लागते, पण बहुतेकांना ते सर्वांत शेवटी आठवते.

सारे मोकळे झाल्यावर मोजमाप करायचे. यासाठी हूक असलेला साधा ताणकाटा पुरतो. थ्रॉटलच्या लिव्हरला तो अडकवा आणि काटकोनात, अगदी सावकाश ओढा. उघडत जाताना काटा स्प्रिंगचा ओढा अधिक घर्षण एवढे दाखवतो. तेवढ्याच जागेवरून सावकाश परत सोडत जाताना तो स्प्रिंगचा ओढा उणे घर्षण एवढे दाखवतो. दोन आकड्यांची सरासरी म्हणजे स्प्रिंग आणि फरकाचा निम्मा भाग म्हणजे घर्षण. समजा, उघडताना १.४ किलो आणि परतताना ०.६ किलो आले, तर स्प्रिंग १ किलोची आहे आणि घर्षण ०.४ किलोचे. सांधे साफ केल्यावर त्याच स्प्रिंगला १.१ आणि ०.९ असे आकडे आले, तर घर्षण ०.१ वर उतरले आहे आणि आता एवढ्या दणकट स्प्रिंगची गरजच नाही. मी स्वतः असा अंदाज ठेवतो की झडप मिटलेल्या स्थितीत सर्व स्प्रिंगांचा मिळून ओढा घर्षणाच्या निदान तिप्पट असावा. वरच्या उदाहरणात तो ०.३ ते ०.४ किलो भरतो, आणि पेडल निम्म्याहून हलके होऊनही थ्रॉटल आधीपेक्षा खात्रीने मिटतो.

हे मोजमाप बंद इंजिनावर करून थांबू नये. इंजिन चालू असताना आणि थ्रॉटल मिटलेला असताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये वातावरणाहून साधारण ६० किलोपास्कल कमी दाब असतो. दीड इंची कार्ब्युरेटरच्या चकतीचे क्षेत्रफळ साडेअकरा चौरस सेंटिमीटरच्या जवळपास आहे, म्हणजे वातावरण त्या चकतीला सुमारे सात किलोच्या जोराने इंजिनाच्या दिशेने दाबत असते. स्पिंडल चकतीच्या मधोमध असल्याने हा जोर झडप उघडतही नाही आणि मिटवतही नाही. पण तो पूर्ण भार स्पिंडलवरून बुशवर जातो. बुश चांगले आणि तेल लावलेले असेल तर फरक थोडाच जाणवतो. झिजलेल्या, कडा उमटलेल्या बुशमध्ये मात्र स्पिंडल नेमक्या शेवटच्या एक-दोन अंशांत धरते, आणि बंद गाडीत ‘टक्‌’ आवाज करून मिटणारा थ्रॉटल चालू गाडीत १३०० वर अडतो. आपल्या वर्णनावरून मला याचीच शंका सर्वांत जास्त आहे. चालू इंजिनावर पेडल एकदा पटकन सोडून आणि एकदा अतिशय हळू सोडून पाहा. दोन्ही वेळा फेऱ्या वेगवेगळ्या आकड्यांवर थांबत असतील तर दोष घर्षणाचा आहे. दोन्ही वेळा सारख्याच चढ्या आकड्यावर थांबत असतील, तर थ्रॉटल मिटतो आहे आणि कारण दुसरीकडे शोधायला हवे.

आता स्प्रिंगची निवड. बहुतेकांची समजूत असते की जाड स्प्रिंग म्हणजे खात्रीने मिटणारा थ्रॉटल. पण झडप मिटवायला उपयोगी पडतो तो मिटलेल्या स्थितीतला ओढा, आणि पायाला जाणवतो तो पूर्ण उघडलेल्या स्थितीतला. सोयीसाठी एकच स्प्रिंग आहे आणि तिच्यात वळतानाचा मुळातला ताण नाही असे धरू. मिलिमीटरमागे २० ग्रॅमची लांब, मऊ स्प्रिंग मिटलेल्या स्थितीतच २० मिलिमीटर ताणून लावली तर ती ४०० ग्रॅमने ओढते. थ्रॉटल उघडताना ती आणखी २५ मिलिमीटर ताणली गेली तर ओढा ९०० ग्रॅम होतो. मिलिमीटरमागे ६० ग्रॅमची आखूड, ताठ स्प्रिंग जागेअभावी जेमतेम ५ मिलिमीटर ताणून बसते, म्हणजे मिटताना ३०० ग्रॅम, आणि पूर्ण उघडल्यावर १,८०० ग्रॅम. म्हणजे पेडल दुप्पट जड आणि मिटण्याची खात्री उलट कमी. आपण जाड स्प्रिंग लावल्यावर नेमके हेच अनुभवले असावे.

तारेच्या जाडीबाबत सावध राहावे. स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातानुसार वाढतो, त्यामुळे १ मिलिमीटरऐवजी १.१ मिलिमीटरची तार असेल तर बाकी मापे तीच असूनही स्प्रिंग जवळजवळ दीडपट ताठ होते. डोळ्यांनी हा फरक दिसत नाही, मायक्रोमीटर लागतो. वेटोळ्याचा व्यास वाढला तर ताठपणा घनाच्या प्रमाणात उतरतो, आणि वेटोळ्यांची संख्या वाढली तर व्यस्त प्रमाणात उतरतो. म्हणूनच ‘जड वाटते, तर दोन वेटोळी कापून टाकू’ हा उपाय उलटा पडतो: वेटोळी कमी केली की स्प्रिंग अधिक ताठ होते. स्टेनलेसची स्प्रिंग त्याच मापाच्या साध्या पोलादी स्प्रिंगपेक्षा साधारण दहा-बारा टक्के मऊ असते, हेही बदल करताना लक्षात असू द्यावे.

ताकदीइतकाच कोन महत्त्वाचा आहे, आणि फुकटात सर्वांत जास्त सुधारणा इथेच होते. थ्रॉटल मिटलेला असताना स्प्रिंगची रेषा लिव्हरशी जवळजवळ काटकोनात असावी, म्हणजे जिथे गरज आहे तिथे पूर्ण फिरवणी जोर मिळतो. उघडत जाताना लिव्हर वळतो, काटकोन मोडतो, आणि स्प्रिंगचा वाढता ओढा काही अंशी आपोआप भरून निघतो. पेडल सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखे लागते. पण पूर्ण उघडलेल्या स्थितीत स्प्रिंगची रेषा स्पिंडलच्या केंद्राच्या पलीकडे जाता कामा नये. ती गेली, तर तीच स्प्रिंग थ्रॉटल उघडा धरून ठेवते. कुणाला तरी पेडलवर पूर्ण पाय देऊन बसवावे आणि आपण बॉनेटखाली वाकून ही रेषा स्वतः पाहावी. दांड्यांच्या लिंकेजमध्येही असाच पलटण्याचा धोका असतो. म्हणून पेडलचा स्टॉप असा लावावा की झडप पूर्ण उघडताच पेडल थांबेल.

स्प्रिंगा किती, हा आपल्या प्रश्नात नसलेला पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा आहे. थ्रॉटलला किमान दोन, एकमेकींवर अवलंबून नसलेल्या स्प्रिंगा असाव्यात आणि त्यांतील कोणतीही एक तुटली तरी उरलेल्या स्प्रिंगने थ्रॉटल मिटला पाहिजे. अमेरिकेच्या वाहन-सुरक्षा नियमांतील १२४ क्रमांकाचे मानक १९७३ मध्ये लागू झाले, त्यात हीच अट आहे, आणि हलक्या वाहनांत थ्रॉटल एका सेकंदात आयडलिंगवर परतावा असेही त्यात म्हटले आहे. आपली गाडी त्याआधीची आहे, पण तर्क तोच लागू पडतो. एका स्प्रिंगच्या पोटात दुसरी घालून दोन्हींचे हूक एकाच छिद्रात अडकवले तर त्या दोन दिसतात, पण ब्रॅकेट तुटल्यावर दोन्ही एकदम जातात. फक्त पेडलला लावलेली स्प्रिंगही पुरेशी नाही, कारण मधली दांडी निखळली तर झडप अनाथ होते. दोन कार्ब्युरेटर असतील तर प्रत्येकाच्या स्पिंडलला स्वतःची स्प्रिंग हवी. जोडशाफ्टच्या काट्यात आणि पिनेत मुद्दाम थोडी मोकळीक ठेवलेली असते, अनेक एसयू जोड्यांसाठी ती ०.००६ इंच, म्हणजे सुमारे ०.१५ मिलिमीटर सांगितलेली आहे. एकाच बाजूला स्प्रिंग असेल तर दुसरी झडप त्या मोकळिकीएवढी उघडी राहू शकते आणि दोन्ही कार्ब्युरेटरची हवा कधीच जुळत नाही.

दुसरे टोक कुठे अडकवायचे, तर इंजिनावरच: मॅनिफोल्डवरील ब्रॅकेटला किंवा, काही गाड्यांत सोय असते तशी, उष्णतारोधक पत्र्याच्या कानाला. बॉडीला अडकवले तर इंजिन रबरी माउंटवर हलताना स्प्रिंगचा ताण बदलत राहतो. एक्झॉस्टच्या अगदी जवळून मात्र स्प्रिंग नेऊ नये. साधी स्प्रिंगची तार सतत तापत राहिली की ढिली पडते. स्प्रिंग जवळजवळ नेहमी हुकाच्या वाकणावर तुटते, म्हणून हुकाखालचे छिद्र धारदार नसावे आणि हुकाचे तोंड असे असावे की कंपनाने ते निसटणार नाही.

गाडी सजवताना जुन्या स्प्रिंगा नवीन दिसाव्यात म्हणून अनेक जण त्या ॲसिडमध्ये साफ करून झिंक प्लेटिंगला देतात. यात दोन्ही पायऱ्यांत पोलादात हायड्रोजन शिरतो, तार ठिसूळ होते आणि स्प्रिंग काही दिवसांनी, कधी नुसती ताणलेली असतानाच, तुटते. प्लेटिंगनंतर काही तासांच्या आत २०० अंश सेल्सिअसच्या आसपास कित्येक तास भाजल्यास धोका कमी होतो, पण तसे झाले आहे याची खात्री देणारा मिळेलच असे नाही. थ्रॉटलसाठी मी पुन्हा प्लेटिंग केलेली जुनी स्प्रिंग लावत नाही. नवी घेतो आणि तेलाचा हात फिरवतो.

हे सारे करूनही फेऱ्या चढ्याच राहिल्या तर चार जागा पाहाव्यात. चोकची दोरी पूर्ण आत असताना वेगवान आयडलिंगचा स्क्रू कॅमला टेकलेला नसावा. नंतरच्या काही एसयू कार्ब्युरेटरच्या चकतीतच एक छोटी झडप असते. तिची स्प्रिंग दमली की थ्रॉटल मिटूनही हवा आत जाते. मॅनिफोल्डच्या गॅस्केटची गळती तर नेहमीचीच. आणि डिस्ट्रिब्युटरमधल्या वजनांच्या स्प्रिंगा ढिल्या असतील तर इग्निशन, म्हणजे ठिणगीची वेळ, लवकर पुढे सरकते आणि इंजिन १,२००-१,३०० वर टांगल्यासारखे राहते. टायमिंग लाइट (ठिणगीची वेळ दाखवणारा दिवा) लावून आयडलिंगला टायमिंगची खूण स्थिर आहे की सरकते, हे पाहिले की उलगडा होतो.

जोडणी पूर्ण झाल्यावर, इंजिन बंद ठेवून, एकेक स्प्रिंग काढून पेडल दाबून सोडा. प्रत्येक वेळी दोन्ही स्पिंडल आपापल्या स्टॉप स्क्रूवर येऊन टेकायला हवीत. नंतर तीच चाचणी इंजिन पूर्ण तापवून, पंख्यापासून हात आणि कपडे दूर ठेवून करा. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर हुकांची वाकणे भिंगाखाली पाहा. तिथे चकाकणारी खाच दिसली तर छिद्राची कड घासून गोल करा आणि ती स्प्रिंग बदला.